पाव टाकी: आरव्हीतल्या एका न ठरवलेल्या दिवसाचं प्रकरण

5 ऑक्टोबर 2024, नवरात्रातला शनिवार. रात्रीचे आठ वाजायला दहा मिनिटं होती. अमेरिकेतल्या युटा राज्याच्या दक्षिणेला, कनॅब गावाच्या चाळीसेक किलोमीटर अलीकडे, हायवे 89 ला लागून असलेल्या मोकळ्या सरकारी माळावर आमची भाड्याची आरव्ही, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली मोठी गाडी, उभी होती. बायकोने तिच्या वडिलांच्या सीपॅप यंत्राची (झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या) पिन पलंगाशेजारच्या सॉकेटमध्ये खोचली. यंत्राचा हिरवा दिवा लागला नाही. तिने पिन काढून परत खोचली, मग स्वयंपाकाच्या ओट्याजवळच्या सॉकेटात लावून पाहिली. तिथेही काही नाही. छतातले दिवे मात्र छान चालू होते, नळाला पाणी येत होतं, फ्रिज गार होता. त्यामुळे आम्हा दोघांनाही आधी वाटलं, यंत्रच बिघडलं.

यंत्र ठीक होतं. त्या सॉकेटांत वीज नव्हती, आणि ती का नव्हती याची कारणं दिवसभर एकेक करून गोळा झाली होती. भारतातून आई-वडील आले की आरव्ही घेऊन फिरायचं, असं अमेरिकेतली बरीच मराठी कुटुंबं ठरवतात. माझ्याकडेही अशी चौकशी अधूनमधून येते. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगत बसण्यापेक्षा तो सगळा दिवस एकदा नीट लिहून काढतो.

माणसं आणि गाडी

आम्ही ॲरिझोनातल्या फिनिक्सला राहतो. गाडीत पाच जण: मी, बायको, आठ वर्षांचा मुलगा आणि कराडहून आलेले माझे सासू-सासरे. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामा-मामी म्हणतो. मामा एसटीत चालक होते. कराड-चिपळूण, कुंभार्ली घाटाची गाडी त्यांनी कित्येक वर्षं चालवली. मामींचे नऊ दिवसांचे उपास चालू होते.

मामांना स्लीप ॲप्निया आहे. झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट बंद होते, काही सेकंद श्वासच थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि माणूस दचकून अर्धवट जागा होतो. रात्रभरात हे पुन्हा पुन्हा होतं. सीपॅप यंत्र नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका दाब देत राहतं, त्यामुळे वाट उघडी राहते. मामांना रक्तदाबही आहे. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की यंत्राशिवाय झोपायचं नाही.

गाडी 28 फुटी, फोर्डच्या ई-450 सांगाड्यावर बांधलेली. पुढच्या केबिनच्या डोक्यावर पलंग काढलेला असतो तो प्रकार. पेट्रोलची टाकी 55 गॅलनची, म्हणजे 208 लिटर. ॲव्हरेज लिटरला साडेतीन-पावणेचार किलोमीटर. गाडी ताब्यात घेताना मामांनी चारी बाजूंनी फेरी मारली, टायरवर मूठ आपटून पाहिली आणि खाली वाकून विचारलं, "पाव्हणं, तेलाची टाकी एकच हाय का?" मी हो म्हणालो आणि सामान चढवायला लागलो. त्या प्रश्नाशी मी थांबायला हवं होतं.

कारण पुढचं सगळं प्रकरण त्या एका टाकीचं आहे. आरव्हीत वीज दोन तऱ्हेची असते. एक 12 व्होल्टची, गाडीतल्या घरासाठीच्या वेगळ्या बॅटरीतून येणारी. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा तिच्यावर चालतात. दुसरी 120 व्होल्टची, भिंतीतल्या सॉकेटांची. एसी, मायक्रोवेव्ह आणि घरातून आणलेलं कुठलंही यंत्र हिच्यावर. ही वीज कॅम्पग्राउंडमधल्या खांबाला जाड केबल जोडली तर मिळते, नाहीतर गाडीतल्या जनरेटरमधून. बॅटरीतून सॉकेटला वीज द्यायची असेल तर मध्ये इन्व्हर्टर लागतो. काही गाड्यांत तो असतो, आमच्या गाडीत नव्हता. गाडी देणाऱ्या माणसाने "सगळं चालतं" म्हटलं, आणि मी "कशावर चालतं" हे विचारलं नाही.

जनरेटर त्याच पेट्रोलच्या टाकीतून पितो. पण त्याची नळी टाकीच्या तळापर्यंत नेलेली नसते. पेट्रोल साधारण पाव टाकीच्या खाली उतरलं की नळीचं तोंड उघडं पडतं आणि जनरेटर बंद होतो. हे मुद्दाम केलेलं असतं: आडरानात कोणी रात्रभर एसी लावून बसलं तरी गावापर्यंत पोचण्याइतकं पेट्रोल इंजिनला उरावं. सोय शहाणपणाची आहे. मला ती माहीत नव्हती.

शनिवार

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरचं बुकिंग रविवारपासून होतं. शुक्रवारी संध्याकाळी फिनिक्सहून निघून आम्ही फ्लॅगस्टाफला मुक्काम केला, विजेचा खांब असलेल्या जागेत. रात्र छान गेली, यंत्र चाललं. शनिवार आम्ही मुद्दाम रिकामा ठेवला होता. बायकोची कल्पना: एक तरी दिवस असा असू दे, की रस्ता नेईल तिकडे जायचं आणि आवडेल तिथे थांबायचं. मला ती तेव्हाही आवडली होती आणि आजही पटते.

साडेनऊला निघालो. उत्तरेकडे हायवे 89 धरला. कॅमेरॉनला लिटल कोलोरॅडो नदीच्या पुलाजवळ थांबलो, मामींनी चांदी आणि फिरोजाचे दागिने पाहिले. इथे बायकोचा फोन एक तास पुढे गेला आणि पुढे तासाभराने पुन्हा मागे आला. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण त्याच राज्यातला नावाहो लोकांचा प्रदेश करतो. पेज हे गाव त्या प्रदेशाच्या काठावर असूनही ॲरिझोनाची वेळ पाळतं. त्याच्या पलीकडे दहा-पंधरा मिनिटांवर युटा राज्य, तिथे घड्याळ पुन्हा पुढे. मुलाला हा खेळ फार आवडला. मी त्यातून काही बोध घेतला नाही.

सव्वा वाजता पेजला पोचलो. ऊन रणरणत होतं. त्या वर्षी ऑक्टोबर उजाडला तरी ॲरिझोनाचा उन्हाळा हटला नव्हता. फिनिक्समध्ये रोज त्या त्या तारखेचा उच्चांक मोडत होता. एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, जनरेटर चालू करून एसी लावला. मामींनी सकाळी भिजवलेला साबुदाणा परतायला घेतला. गाडीच्या हेलकाव्यांनी पातेलं कलंडून अर्धा साबुदाणा सिंकमध्ये गेला होता. तो मामींनी एकेक मूठ करून चाळणीत वेचला, पाण्याखाली धरला आणि पुन्हा पातेल्यात घेतला. दाण्याचं कूट डब्यात होतंच. आम्ही सगळ्यांनी उपासाचंच खाल्लं. मग गारव्यात सगळ्यांना डुलकी लागली. जनरेटर दोन तासांहून जास्त चालला.

नंतर ग्लेन कॅन्यन धरण. इथे मी वेळ पाहिली नाही याचं मला आजही वाईट वाटत नाही. कराडहून जाताना कुंभार्ली घाट उतरायच्या आधी कोयनानगर लागतं, त्यामुळे मामांनी कोयनेचं धरण कित्येकदा पाहिलंय. कोयना 103 मीटर उंच आहे, हे 216 मीटर. धरणासमोरच्या पुलाच्या पादचारी कडेवरून मामा कठड्याला हात धरून खाली पाहत राहिले. खाली कोलोरॅडो हिरवी, दोन्ही बाजूंना तांबडा खडक सरळ तासलेला. ते नातवाला सांगत होते, कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पलीकडे नेऊन कसं खाली सोडलंय, आणि तिकडे कोकणातल्या पोफळीला वीज कशी तयार होते. मुलगा प्रश्न विचारत होता, आजोबा उत्तरं देत होते. अर्ध्या तासासाठी थांबलो होतो, दीड तास झाला.

पावणेपाचला निघालो. पेजमधून बाहेर पडताना पेट्रोल पंपावर रांग होती, आणि आरव्ही वळवायला जागा अपुरी. काटा पाव टाकीच्या बराच वर होता. "कनॅबला भरू," मी म्हणालो. दहा-पंधरा मिनिटांत युटाची हद्द ओलांडली आणि पाच वाजायच्या ऐवजी सहा वाजले.

रात्रीसाठी पहिली जागा डोक्यात होती लोन रॉक बीच, लेक पॉवेलच्या काठावर. पाण्यातून एकटा वर आलेला प्रचंड खडक, समोर वाळूचा उतार, त्या उतारावरच गाड्या लावतात. आम्ही पोचलो तेव्हा आमच्याएवढीच एक गाडी मागच्या चाकांनी वाळूत रुतलेली होती आणि चार माणसं फावड्याने वाळू उपसत होती. मामा एवढंच म्हणाले, "इथं नको." मी गाडी डांबरावरूनच मागे फिरवली. त्या दिवसातला तो सगळ्यात चांगला निर्णय.

पुढे साठ किलोमीटर तांबड्या-पांढऱ्या कड्यांच्या शेजारून रस्ता. सात वाजून दहा मिनिटांनी, सूर्य बुडता बुडता, डाव्या हाताला एक टणक खडीचा रस्ता आत गेलेला दिसला. दीड-दोनशे मीटरवर सपाट जागा, दगडांचं चुलीसारखं कडं, मागे कुणी मुक्काम केल्याच्या खुणा. ही जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, केंद्र सरकारची. अशा जागी साधारणपणे चौदा दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. पाणी, संडास, वीज काहीही नसतं. आमच्या करारात मुक्कामाच्या जागेपर्यंतचा थोडा कच्चा रस्ता चालणार होता, त्याहून जास्त नाही. त्या भागातले आतले मातीचे रस्ते पावसात साबणासारखे होतात, म्हणून ही अट योग्यच आहे.

मी गाडीचं तोंड कड्यांकडे करून लावली, म्हणजे पुढच्या काचेतून देखावा दिसेल. मामा म्हणाले, "तोंड रस्त्याकडं करून लावा पाव्हणं, रात्रीचं निघायला लागलं तर." मी म्हणालो, रात्री कशाला निघतोय आपण. पुढच्या चाकांखाली दोन पिवळे प्लास्टिकचे ठोकळे सरकवून गाडी समतल केली. बाहेर खुर्च्या टाकल्या. चतुर्थीच्या आतली बारीक कोर नुकतीच मावळत होती, आणि मग इतक्या चांदण्या उगवल्या की मुलगा बोलायचा थांबला.

आठ वाजता

सॉकेट मेलेली आहेत हे कळल्यावर मी जनरेटरचं बटण दाबलं. तो फिरला, खोकला, चार सेकंद चालला आणि बंद पडला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी बटण दाबायच्या आत मामा आतून म्हणाले, "थांबा. तेल वडीना त्यो. बॅटरी बसवाल उगं." मी किल्ली फिरवून काटा पाहिला. पाव टाकीच्या रेघेच्या केसभर खाली.

मग आम्ही दिव्याखाली बसून पर्याय मोजले.

यंत्राशिवाय एक रात्र काढायची, हे मामांचं म्हणणं. "एका रात्रीनं काय हुतंय?" खरं सांगायचं तर एक रात्र यंत्र नसेल तर बहुतेक वेळा मोठं काही होत नाही. पण आम्ही समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर होतो, उंचीवर हा त्रास वाढू शकतो. फोनला रेंज येत-जात होती, आणि जवळचं रुग्णालय चाळीस किलोमीटरवर. मामी काही बोलल्या नाहीत. यंत्र येण्याआधीच्या रात्री त्या नवऱ्याचा श्वास मोजत जागून काढायच्या, हे बायकोने मला पूर्वी सांगितलं होतं. मामींनी शाल काढून मांडीवर घेतली, आणि आज त्या झोपणार नाहीत हे आम्हाला कळलं.

इंजिन चालू ठेवलं तर घरची बॅटरी भरत राहते, पण सॉकेटला वीज येत नाही. पुढच्या केबिनमध्ये 12 व्होल्टचं सॉकेट होतं, त्यावर यंत्र चालवायला त्याची वेगळी केबल किंवा छोटा इन्व्हर्टर लागतो. दोन्ही नव्हते. समजा जनरेटर चालला असता, तरी तो रात्रभर चालू ठेवून आत झोपणं हा धोकाच. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

उरला कनॅबपर्यंतचा रस्ता, अंधारात. मला खरी भीती त्याची होती. ऑक्टोबरात त्या भागातली म्यूल डिअर जातीची हरणं उत्तरेकडच्या पठारावरून दक्षिणेला उतरतात आणि नेमका हाच हायवे ओलांडतात. कनॅबच्या पूर्वेला त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेने कुंपण घातलंय आणि रस्त्याखालून वाटा काढल्यात, इतकी त्यांची वर्दळ आहे. कुंपण संपतं तिथे मात्र काही नाही.

मामांकडे पाहिलं. ते बूट घालत होते. "चला," म्हणाले, "मी पुढं बसतो. हळू घ्या."

चाळीस किलोमीटर

पहिली अडचण गाडी बाहेर काढायची. तोंड कड्यांकडे होतं. बायको टॉर्च घेऊन मागे उभी राहिली, मामा डाव्या कडेला. पाच-सहा वेळा मागेपुढे करून गाडी वळली. या गडबडीत खुर्च्या आत आल्या, पायरी आत गेली, पण ठोकळे तिथेच राहिले.

हायवेवर मी ताशी साठ-पासष्टच्या वर गेलो नाही. मागून गाडी आली की कडेला घेऊन तिला पुढे जाऊ द्यायचो. मामा डॅशबोर्डवर दोन्ही हात टेकून उजवी कड पाहत होते. त्यांनी शिकवलेली गोष्ट मी जपून ठेवली आहे: रस्ता चालकाने पाहायचा, शेजारच्याने रस्ता पाहायचाच नाही, त्याने फक्त कड पाहायची, आणि प्राण्याचं अंग दिसायची वाट पाहायची नाही, डोळे शोधायचे. दोनदा ते "हाय" म्हणाले. दुसऱ्यांदा मलाही दिसलं: दिव्याच्या झोताच्या कडेला, जमिनीपासून कमरेच्या उंचीवर, हिरवट दोन ठिपके. मी थांबलो. ठिपक्यांचे चार झाले. दोन माद्या सावकाश रस्त्यावर आल्या, आमच्या दिव्यांकडे पाहत उभ्या राहिल्या आणि मग पलीकडे गेल्या. मामांनी त्यांच्यामागे आणखी कोणी येतंय का म्हणून मोजून अर्धा मिनिट थांबायला लावलं. तिसरी आली, पिल्लू होतं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी कनॅब. आधी पंप. 46 गॅलन बसले. मग गावातलं एक आरव्ही पार्क. कार्यालय बंद होतं, पण दारावरच्या फळीवर उशिरा येणाऱ्यांसाठी नकाशा टाचलेला होता, मोकळ्या जागांवर खुणा केलेल्या. पैसे पाकिटात घालून पेटीत टाकायचे. जागा मिळाली. मी केबल काढली, खांबाच्या पेटीतलं बटण आधी बंद केलं, 30 अँपिअरच्या सॉकेटात पिन बसवली, बटण वर केलं. गाडीच्या आतून मुलगा ओरडला, "मायक्रोवेव्ह लुकलुकतोय!"

साडेदहाला मामांच्या यंत्राचा बारीक आवाज सुरू झाला. मामी लगेच झोपल्या.

कुठे अडलं

दिवस न ठरवता निघालो हे चुकलं, असं मला वाटत नाही. धरणावरचा तो दीड तास ठरवून मिळाला नसता. अडलं ते वेगळ्या जागी. कुठे झोपायचं हे मोकळं ठेवता येतं, पण झोपताना काय लागणार हे मोकळं ठेवता येत नाही. आमच्यात एक माणूस असा होता, की त्याला रात्री आठ तास वीज हवीच होती. ती कुठून येणार, हे गाडी फिनिक्समध्ये उभी असतानाच पक्कं व्हायला हवं होतं.

पुढे मी हिशोब मांडला तेव्हा जास्त हळहळ वाटली. घरची बॅटरी साधारण 100 अँपिअर-अवरची, म्हणजे एक अँपिअर शंभर तास देईल एवढी; त्यातली निम्मी वापरायला हरकत नाही. सीपॅपचं (हवा ओलसर करणारं) पाणी तापवायचं बटण आणि नळीची उष्णता बंद ठेवली तर यंत्र तासाला एक-दीड अँपिअर खातं, म्हणजे रात्रभरात दहा-बारा. ते तापवणं चालू ठेवलं तर हाच आकडा तिप्पट-चौपट होतो. म्हणजे यंत्राची 12 व्होल्टची केबल सोबत असती, तर त्याच माळावर चांदण्यांखाली आम्ही निवांत झोपलो असतो. केबल तळहातावर मावेल एवढी असते. आता ती यंत्राच्या पिशवीतच असते, आणि कुठल्या सॉकेटात लागते ते गाडी घेताना तिथल्या तिथे लावून पाहतो.

दुसरं पेट्रोल. जनरेटर असलेल्या गाडीत पाव टाकी ही रिकामी टाकी धरावी. आम्ही अर्ध्यावर भरतो, रांग असली तरी.

तिसरं घड्याळ. पेजहून कनॅबला जाताना एक तास हरवतो हे मला माहीत होतं, पण तो तास उजेडातला हरवतो हे डोक्यात आलं नाही. आता जिथे झोपायचं तिथल्या घड्याळाने चार वाजता गाडी थांबवून रात्रीची जागा ठरवतो, मग उरलेली संध्याकाळ हवी तशी घालवतो. उजेड असता तर मी गाडीचं तोंडही कदाचित रस्त्याकडे केलं असतं. कदाचित. ते ऐकायला हवं होतं, एवढं खरं.

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तिकडेही अशा गाड्या भाड्याने मिळतात. व्होल्ट वेगळे, गाड्या वेगळ्या, पण घरात ज्येष्ठ माणूस आणि त्याचं यंत्र असेल तर गाडी देणाऱ्याला विचारायचा प्रश्न तोच: इंजिन बंद, बाहेरची वीज नाही, अशा वेळी कुठलं सॉकेट चालतं आणि किती तास?

सकाळ

कनॅबहून ग्रँड कॅन्यनला जायला दोन रस्ते आहेत, अंतर जवळपास सारखंच. जेकब लेकवरून जायचा रस्ता जास्त देखणा, असं सगळे सांगतात. आम्ही आलो त्याच रस्त्याने परत फिरलो, ठोकळ्यांसाठी. उघड्या माळावर प्लास्टिक टाकून जाणं कुणालाच पटत नव्हतं, मामांना सगळ्यात कमी.

साडेआठला त्या जागी पोचलो. मी गाडी वळवून तोंड रस्त्याकडे केलं आणि मग थांबवली. दिवसाउजेडी जागा रात्रीपेक्षा मोठी वाटली, आणि कड्यांवर ऊन पिवळं पडलेलं होतं. ठोकळे आमच्या चाकांच्या खुणांमध्ये तसेच होते. मामांनी ते उचलले, खांद्यावरच्या टॉवेलने धूळ पुसली आणि मुलाकडे दिले. मामींनी भगर आणि दाण्याची आमटी गॅसवर ठेवली होती. खुर्च्या पुन्हा बाहेर आल्या. तासभर बसलो. मामा म्हणाले, रात्री डोळा चांगला लागला.